अप्पांच्या येझदीचा रंग

माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, १९८१ ची येझदी मोटरसायकल नव्याने उभी करायची असे आम्ही ठरवले, तेव्हा या सगळ्या खटाटोपात रंग निवडणे हे सर्वांत सोपे काम असेल अशी माझी समजूत होती. इंजिन उघडावे लागणार, जुने भाग शोधावे लागणार, वायरिंग नव्याने ओढावे लागणार. त्या मानाने रंगाचे काय, एखाद्या संध्याकाळी शेड कार्ड पुढ्यात घेऊन बोट ठेवले की काम झाले, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात इंजिनाचे काम तीन आठवड्यांत उरकले आणि रंग ठरायला सहा महिने लागले.

पहिली अडचण गाडीच्या इतिहासातच होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या भारतात बनवायला सुरुवात केली, पुढे १९७३ पासून त्याच घराण्याच्या गाड्या येझदी या नावाने विकल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्यामुळे कंपनीकडे जाऊन अमुक क्रमांकाचा रंग द्या, असे सांगण्याची सोय उरलेली नव्हती. शिवाय ही गाडी हौसेने झाकून ठेवलेली कधीच नव्हती. अप्पा साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते आणि उसाच्या नोंदी घेत बांधाबांधाने फिरण्यात या गाडीची बावीस-तेवीस वर्षे गेली. चिखल, उसाची पाचट, टाकीवर सांडलेले ऑइलमिश्रित पेट्रोल आणि गुडघ्यांचे घासणे यांनी रंगाचे काय होते, ते आमच्या गाडीवर पाहून घ्यावे. मी ती हाती घेतली तेव्हा ती काळी होती, पण तो काळाही ठिकठिकाणी राखाडी पडलेला होता.

जुलै महिन्यात मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरमध्ये एका वयस्कर पेंटरकडे गेलो. परिसरातले सगळेच त्यांना मामा म्हणतात. गाडी पाहून त्यांनी पहिल्यांदा आकाशाकडे बोट केले आणि दिवाळीनंतर या असे सांगितले. त्यांचे कारण ऐकल्यावर मला वाद घालावासा वाटला नाही. फवारलेल्या रंगातले थिनर उडून जाताना पत्रा थंड होतो, दमट हवेत त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरते आणि वाळलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. भट्टीची खोली असलेल्या मोठ्या वर्कशॉपला पावसाची पर्वा नसते, पण मामांच्या पत्र्याच्या शेडला ती असते. “तोवर रंग ठरवा, दादा,” ते म्हणाले, “लोक गाडी सोडायला येतात तेव्हा रंग ठरवत्यात आणि न्यायला येतात तेव्हा पस्तावत्यात.”

अशा रीतीने मला विचार करायला पाच महिने मिळाले आणि त्यांतले पहिले दोन मी वाया घालवले.

सुरुवातीला माझ्या मनात सैनिकी हिरवा होता. जुन्या गाडीला तो शोभतो, चिखलात लपतो आणि मला व्यक्तिशः आवडतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतेही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. रस्त्यावर असल्या गाड्या दिसतात हे खरे. परंतु चाळीस वर्षांची गाडी दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयात न्यावीच लागते, आणि तिथे ती नियमबाह्य रंगात उभी करण्याची माझी इच्छा नव्हती. “जरा वेगळी छटा घेऊ, कोण बघतंय,” असे सुचवणारे मित्र भेटले. ती छटा ऑलिव्ह ग्रीन आहे की नाही यावर निरीक्षकांशी चर्चा करणारा मीच असणार होतो, त्यांच्यापैकी कोणी नव्हे.

त्यानंतर मॅट काळा. हा रंग शोरूममध्ये भारदस्त दिसतो, पण त्याचा मंदपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून आलेला असतो. त्यामुळे चकचकीत रंगावरचा बारीक ओरखडा जसा रबिंग कंपाउंडने घासून घालवता येतो, तसा मॅटवरचा घालवता येत नाही. घासले की तेवढीच जागा चमकू लागते. दर आठवड्याला टाकीच्या झाकणाशी तेलकट पेट्रोलचा ओघळ येणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीला हा रंग देणे म्हणजे पांढरे धोतर नेसून गुऱ्हाळात काम करण्यासारखे होते.

सर्वांत जास्त मोह पडला तो कँडी लालचा. मामांच्या शेडमध्ये एका तरुणाची बुलेट त्या रंगात उभी होती आणि ऊन पडले की ती आतून पेटल्यासारखी वाटायची. या रंगात खाली चंदेरी किंवा सोनेरी थर असतो, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात असतात आणि सर्वांत वर क्लिअर कोट. प्रकाश लाल थरातून आत जाऊन चंदेरी थरावरून परत फिरतो, म्हणून ती खोली दिसते. मात्र लाल थर किती हात दिले त्यावर छटा ठरते. उद्या मडगार्डला ठेच लागली, तर तेवढाच तुकडा पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते आणि अख्खा भाग नव्याने रंगवावा लागतो. ही गाडी मी वापरणार होतो, म्हणून तोही विचार सोडून दिला.

हे तिन्ही रंग बाद झाल्यावर लक्षात आले की मी आतापर्यंत इतरांच्या गाड्यांचे रंग निवडत होतो. या गाडीचा म्हणून माझ्या मनात असलेला रंग तर मोरपंखी निळा होता. माझ्या लहानपणी ती त्याच रंगाची होती. टाकीवर पुढे बसून मी बालवाडीत जायचो तेव्हा माझ्या दोन्ही हातांखाली तो निळा असायचा. अप्पांनी तो आईच्या मोरपंखी शालूवरून निवडला असणार, अशी मी परस्पर समजूत करून घेतली होती. एका रात्री जेवताना मी तो विषय काढला. अप्पांनी शांतपणे सांगितले की १९९१ साली गावात एका टेम्पोला रंग देऊन झाल्यावर डबाभर निळा उरला होता आणि पेंटरने त्यात गाडी निम्म्या पैशांत करून दिली. आई म्हणाली, “मला तर तो कधीच आवडला नाही. गाडी आणली तेव्हा कशी छान आमसुली होती.”

हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि पुढच्या तीन महिन्यांचे काम त्याने लावून दिले.

नोंदणी पुस्तक काढून पाहिले तर रंगाच्या रकान्यात शाईने ‘मरून’ असे लिहिलेले होते. गाडी निळी झाली, पुढे २००८ मध्ये काळी झाली, तरी ती नोंद बदलून घेण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते. मागे एका नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकांनी त्याबद्दल विचारलेही होते. रंग बदलला तर तो नोंदणी प्रमाणपत्रावरही बदलून घ्यायला हवा. गाडी परत मरून केली तर कागद आणि पत्रा बऱ्याच वर्षांनी एकमेकांशी जुळणार होते आणि माझा एक अर्ज वाचणार होता. पण मरून म्हणजे नेमका कोणता? शेड कार्डावर मरून नावाखाली डाळिंबाच्या दाण्यापासून जवळजवळ काळ्या वांग्यापर्यंत सगळे काही सापडते. आईचा शब्द त्या मानाने फार काटेकोर होता. आमसूल लाल नसते, जांभळेही नसते. त्यात तपकिरी असते, ते सावलीत काळे वाटते आणि उजेडासमोर धरले की कडेला तांबडे दिसते. साड्यांच्या दुकानात ज्या पिढीने रंग ओळखायला शिकले, तिच्याकडे शेड कार्डापेक्षा बारीक मापे आहेत असे माझे मत या कामात पक्के झाले.

आता पुरावा शोधायचा होता. घरात १९८३ मधले एक रंगीत छायाचित्र होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. जुन्या छपाईतली रंगद्रव्ये सारख्या गतीने विटत नाहीत, आणि आमच्या फोटोत गाडीच काय, अप्पांचा पांढरा शर्ट आणि मागचे आभाळही तांबूस झालेले होते. मग पत्र्यालाच विचारायचे ठरले. मामांनी टूलबॉक्सच्या झाकणाचा एक कोपरा पाण्याचा हात देत बारीक वॉटर पेपरने हळूहळू उतरवला. वर काळा, त्याखाली मोरपंखी, त्याखाली पुट्टीचा पिवळट पट्टा, मग एक गडद लालसर थर, मग प्रायमर आणि शेवटी पत्रा, असे सगळे थर एका बोटाच्या रुंदीत शेजारी शेजारी उघडे पडले. त्या गडद थराकडे पाहून मी मरून म्हणालो, मामा चॉकलेटी म्हणाले.

घासलेला थर खरी छटा दाखवत नाही, म्हणून आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला गेलो. तिथे नंतरच्या दोन्ही पेंटरांनी हात लावलेला नव्हता. रॉकेलच्या फडक्याने काजळी काढून कंपाउंड फिरवल्यावर तळहाताएवढा मूळ रंग चमकू लागला, आणि ते झाकण मी पिशवीत घालून रंग जुळवून देणाऱ्या दुकानात नेला. तिथल्या यंत्राचे भिंग सपाट पृष्ठभागावर टेकवले की ते परावर्तित प्रकाश मोजते आणि साठवलेल्या सूत्रांपैकी सर्वांत जवळचे सूत्र सुचवते. मग दुकानदार वजनकाट्यावर डबा ठेवून ग्रॅमच्या दशांशापर्यंत एकेक रंग ओततो. हे पाहताना सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे वाटते. मात्र यंत्राने मोजला तो रंग आतल्या बाजूचा होता. तिथे कंपनीनेही पातळच हात दिला असावा आणि त्यावर चाळीस वर्षे तेलाची वाफ बसलेली होती. यंत्राने सांगितलेले खोटे नव्हते, पण ते आजच्या झाकणाबद्दल होते. १९८१ च्या टाकीबद्दल नव्हते.

म्हणून मामांनी ते सूत्र मधोमध धरून पाच नमुने केले: दोन लालकडे झुकणारे, दोन तपकिरीकडे झुकणारे आणि एक जसाच्या तसा. नमुन्यांसाठी त्यांनी भंगारातल्या मडगार्डाचे तुकडे कापले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. सपाट कार्डावर रंग एकच दिसतो, पण गोलाईवर तो उजेडाच्या बाजूला फिका आणि वळणाखाली गडद होतो, आणि मोटरसायकलला सपाट जागा जवळपास नसतेच. प्रत्येक तुकड्याला प्रत्यक्ष कामात वापरायचा तोच सरफेसर, म्हणजे रंगाखालचा थर, दिलेला होता. लाल जातीच्या रंगांची झाकण्याची ताकद कमी असते; खाली फिका राखाडी असेल तर वरचा मरून मळकट दिसतो किंवा तो दडवण्यासाठी हात वाढवावे लागतात, म्हणून त्यांनी सरफेसरच गडद तांबूस करून घेतला होता.

ते पाच तुकडे मी घरी आणून आठवडाभर ठेवले. सकाळच्या उन्हात, भर दुपारी, अंगणात सावलीला, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली मी ते पाहिले. उन्हात अगदी सारखे वाटणारे दोन तुकडे ट्यूबखाली भावकीत भांडण झाल्यासारखे वेगळे झाले. रंगद्रव्यांचे मिश्रण निराळे असले तर असे होते: एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात जुळत नाहीत. मोबाईलमध्ये फोटो काढून पुण्याच्या भावाला पाठवले, तेव्हा त्याने पाचही एकच आहेत असे कळवले आणि मग त्याचे मत विचारणे मी थांबवले. आईने पहिल्या दिवशी तिसरा, दुसऱ्या दिवशी पाचवा निवडला आणि तिसऱ्या दिवशी, “आता मला सगळेच आमसुली दिसायला लागलेत,” म्हणून अंग काढून घेतले.

राहता राहिले अप्पा. वय चौऱ्याहत्तर, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, डाव्याची व्हायची. मी तुकडे ओट्यावर मांडले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा, आणि म्हणाले, “गंमत बघ. डाव्या डोळ्यानं बघितलं तर हा तिसरा आपल्या गाडीसारखा दिसतोय. उजव्यानं बघितलं तर तो नुसता डाळिंबी दिसतोय, आणि पाचवा आपला.”

मी तो प्रयोग तुकड्यांची जागा बदलून, मागचे आकडे लपवून तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आले. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते आणि त्यातून पाहणाऱ्याला सगळ्याच रंगांत ती झाक मिसळलेली दिसते. बदल वर्षानुवर्षे सावकाश होत असल्याने त्याला ते कळतही नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याच डोळ्याला निळे-पांढरे एकदम स्वच्छ दिसू लागतात. म्हणजे डावा डोळा लालसर तुकड्यात आपल्या पदरचा तपकिरी घालून त्याला आमसुली ठरवत होता. ज्या डोळ्यांनी अप्पांनी १९८१ मध्ये ही गाडी पसंत केली, ते डोळे तेहेतिशीतल्या माणसाचे, स्वच्छ भिंगाचे होते. त्यांच्याशी साम्य असेल तर उजव्याचे. माझ्या दृष्टीने निकाल लागला. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी हसून पाचवा तुकडा खिशात घातला.

एक प्रश्न उरला होता तो क्रोमचा. आमच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे पट्टे होते आणि त्यांना गंजाचे खड्डे पडले होते. सगळी टाकीच रंगवून टाकली तर खर्च वाचत होता. मी घरातले चकचकीत स्टीलचे ताट पाचव्या तुकड्याशेजारी धरून पाहिले, मग ते बाजूला करून पाहिले, आणि तेवढ्यात खर्च मान्य केला. हा रंग एकटा असला की उदास दिसतो. शेजारी चमक असली की त्यातला तांबडा वर येतो. क्रोम आधी आणि रंग नंतर हा क्रम चुकवून चालत नाही, कारण मुलाम्यासाठी टाकी पूर्ण उघडी करून तांबे, निकेल आणि क्रोमच्या टाक्यांत बुडवावी लागते. त्यात आणखी तीन आठवडे गेले.

जानेवारीत प्रत्यक्ष रंगकाम झाले ते चार दिवसांत. पेट्रोलला दाद देत नाही म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाऐवजी हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे द्रव्य, मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घेतला. चेसिस क्रमांकावर मामांनी आधी टेप लावली. मागच्या दोन रंगकामांत ते आकडे रंगाने भरून गेले होते आणि नूतनीकरणाच्या वेळी पेन्सिलने त्यांचा छाप घेताना अप्पांना सुईने एकेक आकडा कोरावा लागला होता. क्रोम आणि रंग यांच्या मधली सोनेरी रेघ काढायला ट्रकच्या पाट्या लिहिणारे एक गृहस्थ आले. लांब केसांचा ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, आणि श्वास रोखून एका दमात ओढलेली रेघ. स्टिकर याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला असता आणि अधिक सरळ आला असता. मला तो नको होता.

टूलबॉक्सच्या झाकणाचा थर उघडे केलेला तो कोपरा मात्र मी तसाच ठेवायला सांगितला. त्यावर फक्त क्लिअरचा हात दिला आहे. तिथे काळा, मोरपंखी, पुट्टी आणि आमसुली ओळीने दिसतात. टेम्पोचा उरलेला असला तरी तो निळा माझा आहे.

गाडी घरी आली तेव्हा आई पदर सावरत बाहेर आली, टाकीवर हात फिरवला आणि, “हां, हाच,” एवढेच म्हणाली. अप्पांनी दोन्ही डोळ्यांनी पाहिले. मामांनी निघताना हार्डनर न मिसळलेला उरलेला रंग एका काचेच्या बाटलीत भरून दिला होता, कारण हार्डनर पडला की तो काही तासांत घट्ट होतो आणि पुढे कधी ठेच लागली तर हाच रंग लागेल. बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावून सूत्राचे आकडे लिहिले होते, आणि त्याखाली स्वतःला आठवावे म्हणून, पेनाने, थोड्या तिरक्या अक्षरात: आमसुली, येझदी, उजवा डोळा.